मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात आहे आणि एरोस्पेसमध्ये जायचंय: आता काय करावं?

आधी तुझा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू सांगलीजवळच्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, पाचवं सेम चालू आहे, सीजीपीए ७.१. बारावीनंतर एरोनॉटिकल घ्यायची इच्छा होती, पण ‘त्यात नोकऱ्या कुठे आहेत’ म्हणून घरच्यांनी मेकॅनिकल घ्यायला लावलं. मामा म्हणतात एएमई (विमान देखभालीचं इंजिनियरिंग) कर. कॉलेजमधला सीनियर म्हणतो कर्ज काढ आणि अमेरिकेत एमएस कर. बाबा विचारतात, असल्या ठिकाणी मुलींना घेतात का. आणि तुला वाटतंय की डिग्रीनंतर एक वर्ष ड्रॉप घेऊन गेटचा (एमटेकच्या प्रवेशपरीक्षेचा) अभ्यास करावा. शेवटी तू जाता जाता लिहिलंस, की आवडता विषय स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स (एसओएम, भाराखाली वस्तू किती वाकते आणि कधी मोडते याचा अभ्यास) आहे, फ्लुइड्समध्ये (द्रव आणि वायूंच्या विषयात) जेमतेम पास झालीस, आणि एरोस्पेस म्हणजे एरोडायनॅमिक्स (हवेच्या प्रवाहाचं शास्त्र) असं सगळे म्हणतात म्हणून धीर खचतोय.

मी वीसएक वर्षं विमानांच्या स्ट्रक्चर्सचं, म्हणजे ढाच्याचं, काम करते. सुरुवात स्ट्रेस अॅनालिसिसपासून (भागांवरच्या ताणाच्या गणितापासून) झाली, मग चाचण्या, आता तरुण इंजिनियरांची गणितं तपासणं आणि मुलाखती घेणं हा कामाचा मोठा भाग आहे. त्या अनुभवावरून सांगते, तुझ्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ ती शेवटची आहे. कुठली डिग्री, कुठला देश, ड्रॉप की नाही, हे प्रश्न नंतरचे. एरोस्पेसमधलं नेमकं कोणतं काम तुला करायचंय, हे आधी ठरव. ते ठरलं की बाकीच्या प्रश्नांपैकी निम्मे आपोआप सुटतात.

विमान किंवा रॉकेट बनवणाऱ्या संस्थेत एरोडायनॅमिक्सची माणसं लागतातच, पण त्यांचा गट लहान असतो. त्याहून कितीतरी जास्त माणसं स्ट्रक्चर्स, डिझाइन, मटेरियल्स, प्रॉडक्शन, क्वालिटी, टेस्टिंग, एव्हियॉनिक्स (विमानातलं इलेक्ट्रॉनिक्स), कंट्रोल आणि सॉफ्टवेअर या कामांत असतात. एरोडायनॅमिक्सवाले पंखावर येणाऱ्या भाराचे आकडे देतात. त्या भाराखाली पंख किती वाकेल, कुठे फाटेल, किती हजार उड्डाणांनंतर कुठल्या रिव्हेटपाशी तडा जाईल, हे आम्ही शोधतो. त्याचा पाया तुझा आवडता एसओएमच आहे.

थोडं खोलात जाते, कारण हे काम तुला आवडेल का ते तुलाच तपासता यायला हवं. विमानाच्या आयुष्यात प्रत्यक्ष येऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या भाराला लिमिट लोड म्हणतात. त्या भाराखाली ढाच्यात घातक असा कायमचा बाक राहता कामा नये. त्याच्या दीडपट म्हणजे अल्टिमेट लोड, आणि तो ढाच्याने किमान ३ सेकंद न मोडता पेलला पाहिजे. प्रवासी विमानांच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पुलाला किंवा क्रेनला आपण याहून बराच जास्त सुरक्षेचा गुणांक सहज देतो. विमानात तो दीडच आहे, कारण वाढवलेला प्रत्येक किलो विमानाला आयुष्यभर वाहावा लागतो. मानवरहित रॉकेटांत तर तो साधारण १.२५ पर्यंत खाली येतो. एवढ्या कमी राखीव ताकदीवर उडायचं असेल तर भाराचा अंदाज, मटेरियलचे गुणधर्म आणि गणित या तिन्हींत ढिलाई चालत नाही. म्हणून आमच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये प्रत्येक भागापुढे मार्जिन ऑफ सेफ्टीचा आकडा असतो: भाग जेवढं सोसू शकतो त्याला गुणांकासहित येणाऱ्या ताणाने भागायचं आणि त्यातून एक वजा करायचा. शून्याच्या वर असेल तर ठीक. खूपच वर असेल तर डिझाइनर विचारायला येतो, इथलं वजन कमी का केलं नाही.

आता मुलाखतीत मी काय विचारते ते सांगते. कागदावर एक ब्रॅकेट काढून देते, चार बोल्टनी भिंतीला बसवलेला, आणि भार बोल्टांच्या मध्यापासून थोडा बाजूला. विचारते, सगळ्यांत जास्त भार कोणत्या बोल्टवर येईल? उत्तराला सॉफ्टवेअर लागत नाही. फ्री बॉडी डायग्राम (भागावरची सगळी बलं दाखवणारी आकृती) काढायचा, सरळ शिअर (बोल्टला कापू पाहणारं बल) चार बोल्टांत वाटायचा, बाजूला सरकलेल्या भारामुळे येणारा मोमेंट (फिरवू पाहणारा परिणाम) वेगळा काढायचा आणि दोन्हींची दिशा बघून बेरीज करायची. दुसऱ्या वर्षाचं काम आहे. तरी चांगल्या कॉलेजांतली, सीव्हीवर दोन-तीन अॅनालिसिस पॅकेजं लिहिलेली मुलं इथे अडखळतात. संगणकावर मॉडेल मेश करणं (गणितासाठी त्याचे लहान तुकडे पाडणं) त्यांना येतं, पण उत्तर साधारण किती यायला हवं हे आधी सांगता येत नाही. ज्याला आधी सांगता येत नाही, त्याला संगणकाचं चुकलेलं उत्तर ओळखताही येत नाही, आणि विमानाच्या कामात ते परवडत नाही.

दुसरा प्रश्न भोकाचा. ओढल्या जाणाऱ्या रुंद पट्टीत एक गोल भोक असेल, तर भोकाच्या कडेला ताण सरासरीच्या तिप्पट होतो. पाठ सगळ्यांना असतं. मग मी विचारते, विमानाच्या पत्र्यात रिव्हेटची हजारो भोकं असतात, तरी विमान पहिल्याच उड्डाणात का फाटत नाही, आणि मग काही वर्षांनी का फाटू शकतं? इथून गप्पा थेट फटिगवर, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने हळूहळू तडा जाण्यावर, जातात. १९५४ मध्ये ब्रिटिश बनावटीची दोन कॉमेट जेट विमानं भूमध्य समुद्रावर हवेत फुटली. तपासात पूर्ण केबिन पाण्याच्या टाकीत ठेवून पुन्हा पुन्हा दाब देण्यात आला, तेव्हा केबिनमधल्या कटआउटच्या (पत्र्यात कापलेल्या उघड्या जागेच्या) कोपऱ्याशी फटिगचा तडा सुरू होऊन ती फाटली. एका वेळचा दाब ती व्यवस्थित पेलत होती. हजारो वेळा आलेल्या दाबाने तिला मोडलं. हे वाचून पुढचं जाणून घ्यावंसं वाटत असेल, तर तू योग्य दारात उभी आहेस. कंटाळा आला तरी काही बिघडत नाही, फक्त मग तुझा गट वेगळा असेल.

म्हणून पहिला सल्ला: स्ट्रक्चर्स ही दिशा पकडून चाल. फ्लुइड्स सोडून देऊ नकोस, कारण गेटला आणि पुढे भार समजून घ्यायला ते लागतं, पण त्यातल्या गुणांवरून स्वतःला एरोस्पेसमधून बाद करू नकोस.

आता डिग्रीचं. बीई एरोनॉटिकल न मिळाल्याचं तुला दुःख आहे, पण आपल्या देशात अनेक बाबतींत मेकॅनिकल असण्याचा फायदाच होतो. इस्रोच्या केंद्रीय भरतीत ‘सायंटिस्ट/इंजिनियर एससी’ पदांच्या जाहिरातींमध्ये मुख्य शाखा असतात इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर सायन्स. अट असते ६५ टक्के किंवा दहापैकी ६.८४ सीजीपीए. तुझा ७.१ आहे, म्हणजे तू आत आहेस, पण काठावर. एक वाईट सेम तुला बाहेर काढू शकतो. म्हणून पुढची तीन सेम गुण सांभाळणं, आणि शक्यतो ७.५ च्या वर नेणं, हे कुठल्याही ऑनलाइन सर्टिफिकेटपेक्षा महत्त्वाचं आहे. डीआरडीओतली सायंटिस्ट बी ही पदं गेटच्या गुणांवर आणि मुलाखतीवर भरली जातात, तिथेही मेकॅनिकलला चांगल्या जागा असतात. दरवर्षी पदसंख्या आणि नियम थोडे बदलतात, तेव्हा जाहिरात स्वतः वाच, कुणाच्या व्हॉट्सअॅप मेसेजवर जाऊ नकोस.

गेटसाठी ड्रॉप घ्यायची गरज मला दिसत नाही. तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थीही गेट देऊ शकतात, परीक्षा फेब्रुवारीत असते आणि स्कोअर ३ वर्षं चालतो. या फेब्रुवारीत सरावासाठी दे, अंतिम वर्षाच्या फेब्रुवारीत नेटाने दे. पेपर मेकॅनिकलचाच घे. एरोस्पेसचा वेगळा पेपर असतो, पण त्यासाठी नवीन विषय उभे करण्यात तुझी सध्याची मेहनत विभागली जाईल. आयआयटी मुंबई, कानपूर, मद्रास, खरगपूर आणि बेंगळुरूची आयआयएससी इथे एरोस्पेसचं पदव्युत्तर शिक्षण आहे, आणि स्ट्रक्चर्सकडे जाणाऱ्यांना मेकॅनिकलच्या स्कोअरवर अर्ज करता येतो. त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात खात्री कर. गेटवर मिळालेल्या एमटेकला दरमहा १२,४०० रुपये मिळतात, म्हणजे घरावर फार बोजा येत नाही. दोन्ही वेळा स्कोअर आला नाही आणि घरची परिस्थिती परवडत असेल, तर ड्रॉपचा विचार तेव्हा कर. तेव्हाही माझं मत असं, की पुण्यात किंवा बेंगळुरूत एखाद्या अभियांत्रिकी सेवा कंपनीत विमानाच्या कामावर नोकरी मिळत असेल तर ती घे आणि नोकरी करत तिसऱ्यांदा परीक्षा दे. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, पण खरे ड्रॉइंग आणि खरे रिपोर्ट हाताळायला मिळतात.

मामांचं एएमई. त्यांचा हेतू चांगला आहे, पण तो वेगळा व्यवसाय आहे. एअरक्राफ्ट मेन्टेनन्स इंजिनियर तयार विमानाची देखभाल करतो आणि विमान उडण्यास योग्य आहे अशी सही करतो. त्यासाठी डीजीसीएचा (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा) परवाना लागतो, त्याच्या स्वतंत्र परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. जबाबदारीचं आणि मानाचं काम आहे. मात्र त्यातून डिझाइन आणि अॅनालिसिसकडे सरळ रस्ता जात नाही, आणि बीई झालेल्या मुलीला पुन्हा वेगळ्या शिडीच्या पायथ्याशी उभं राहावं लागतं. तुला गणित करायचं असेल तर तो तुझा रस्ता नाही.

अमेरिकेबद्दल स्पष्ट लिहिते, कारण इथे मुलांचं मोठं आर्थिक नुकसान होताना पाहिलंय. तिथलं शिक्षण उत्तम आहे. पण रॉकेट, क्षेपणास्त्रं, लष्करी विमानं आणि बऱ्याचशा अंतराळ तंत्रज्ञानावर तिथे निर्यात नियंत्रणाचे कायदे आहेत, आणि परदेशी माणसाला ती तांत्रिक माहिती नुसती दाखवली तरी ती निर्यात समजली जाते. त्यामुळे तिथल्या असंख्य एरोस्पेस नोकऱ्या नागरिकांना, ग्रीन कार्ड असणाऱ्यांना आणि अशा मोजक्या गटांनाच मिळतात. नासाच्या नियमित सरकारी नोकरीला तर नागरिकत्वच लागतं. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या भारतीय मुलीला नागरी विमानांचं, ऊर्जा टर्बाइनचं किंवा वाहन उद्योगातलं काम मिळू शकतं, आणि बरेच जण शेवटी तिकडेच वळतात. ते तुला चालणार असेल तर ठीक. पण घर गहाण ठेवून, ‘नासा’ डोळ्यांसमोर ठेवून जायचं असेल, तर माझा सल्ला नाही असाच आहे. परदेशी जायचंच असेल तर युरोपकडे बघ. डेल्फ्ट, तुलूझचं इसाए-सुपाएरो, श्टुटगार्ट ही नावाजलेली ठिकाणं आहेत. श्टुटगार्टच्या राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, जी अमेरिकेच्या मानाने फारच कमी आहे. संरक्षणाच्या कामावर बंधनं तिथेही आहेत, नागरी विमानांच्या कामात ती कमी जाणवतात. मात्र नोकरीसाठी तिथली भाषा यावी लागते, तेव्हा जर्मन किंवा फ्रेंचला आतापासून दोन वर्षं द्यायची तयारी हवी.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते थांबून सांगते. कर्जाचं भान, घरची गरज, घरापासून किती लांब राहता येईल, एमटेकची दोन वर्षं कमाईशिवाय निघतील का, हे मला माहीत नाही. घरात लगेच पैसे येणं गरजेचं असेल, तर नोकरी आधी आणि एमटेक नंतर हा क्रमही योग्यच आहे.

आता बाबांचा प्रश्न. डॉ. टेसी थॉमस अग्नी-४ आणि अग्नी-५ या क्षेपणास्त्र प्रकल्पांच्या संचालक होत्या. त्यांची पहिली पदवी त्रिशूरच्या सरकारी अभियांत्रिकी कॉलेजातली, तीही इलेक्ट्रिकलची, आणि पदव्युत्तर शिक्षण आपल्या पुण्यात, गिरिनगरच्या संस्थेत, जिला आज डायट म्हणतात. आदित्य-एल१ च्या प्रकल्प संचालक निगार शाजी तिरुनेलवेलीच्या सरकारी कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स शिकल्या. चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता होत्या. बाबांना ही नावं सांगच. पण नावांपेक्षा त्यांना रोजच्या गोष्टींची काळजी असते, ती बोलून टाक. इस्रो आणि डीआरडीओ या केंद्र सरकारी नोकऱ्या आहेत. तिथे १८० दिवसांची प्रसूती रजा आहे, आणि मुलांसाठी नोकरीत एकूण ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा मिळते. खासगी कंपनीत कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहेत, आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. पहिल्या आठवड्यातच तिची माहिती विचारून घे.

जे अजून सुधारायचं आहे तेही सांगते. संगणकावरच्या कामात मुली भरपूर दिसतात. हँगर, टेस्ट रिग, फाउंड्री, असेंब्ली इथे कमी दिसतात. याचं एक कारण असं, की ‘तिला कशाला त्रास’ म्हणून बॉस आपल्या वतीने परस्पर ठरवतो. माझ्या पहिल्या एका ठिकाणी पंखाच्या चाचणीला गटातले मुलगे गेले आणि मला मागे रिपोर्ट लिहायला ठेवलं. पुढच्या चाचणीआधी मी लेखी मागणी केली, की ज्या भागाचं गणित माझं आहे त्याच्या चाचणीला मी हजर असणार. गेले, आणि त्यानंतर कुणी विचारलंही नाही. तू हे सुरुवातीपासून कर. स्ट्रक्चर्सचं काम करणाऱ्याने भाग वाकताना, कुरकुरताना, मोडताना पाहिलाच पाहिजे. त्याशिवाय आकड्यांना अर्थ येत नाही. आणि मुलाखतीत लग्नाचा विषय निघाला, तर ‘या कामासाठी मी उपलब्ध आहे, पुढच्या काही वर्षांत मला हे हे शिकायचंय’ इतकं शांतपणे सांगून विषय कामावर आण.

दूरच्या ठिकाणी राहायची तयारी मात्र हवी. तिरुवनंतपुरम, बेंगळुरू, हैदराबाद, श्रीहरिकोटा, महेंद्रगिरी ही या कामाची गावं आहेत. महाराष्ट्रातही दारं आहेत, आणि ती आपल्या मुलांना माहीत नसतात. नाशिकजवळ ओझरला एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) आहे, जिथे सुखोई-३० बनले आणि आता तेजसची असेंब्ली लाइन आहे. पुण्यात पाषाणला एआरडीई आणि सुतारवाडीला एचईएमआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळा आहेत. विक्रोळीला गोदरेजमध्ये इस्रोच्या विकास इंजिनाचं काम होतं. वालचंदनगरला रॉकेटच्या मोटर केसिंग (इंधनाभोवतीची कवचं) बनतात, आणि ते तुझ्या घरापासून फार लांबही नाही. हैदराबादच्या स्कायरूटने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि चेन्नईच्या अग्निकुलने मे २०२४ मध्ये स्वतःचं चाचणी रॉकेट उडवलं. अशा छोट्या कंपन्यांत नोकरीची शाश्वती कमी, पण दोन वर्षांत जे हाताखालून जातं ते मोठ्या संस्थेत पाच वर्षांत जात नाही. इंटर्नशिपसाठी या सगळ्यांना लिही. उत्तर दहातून एकाकडून आलं तरी पुरे. इस्रोच्या केंद्रांत विद्यार्थ्यांना प्रोजेक्टसाठी घेण्याची पद्धत आहे, कॉलेजच्या पत्रासह अर्ज लागतो, तेव्हा एचओडींशी आत्ताच बोल.

आणि प्रोजेक्ट. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला साधारण एक किलोचा स्वयम् उपग्रह जून २०१६ मध्ये पीएसएलव्हीने सोडला गेला, त्यामुळे मुलांना वाटतं प्रोजेक्ट म्हणजे एवढं मोठं काहीतरी हवं. नको. तुझ्या कॉलेजात यूटीएम (नमुने ओढून-दाबून तपासायचं यंत्र) आहेच. अॅल्युमिनियमची ४० मिलिमीटर रुंद पट्टी घे, मध्ये १० मिलिमीटरचं भोक पाड, भोकाच्या कडेला आणि लांब अशा दोन ठिकाणी स्ट्रेन गेज (पृष्ठभाग किती ताणला ते मोजणारी चिकटवायची पट्टी) लाव आणि इलॅस्टिक मर्यादेत, म्हणजे सोडल्यावर पट्टी पूर्ववत होईल इतकंच, ओढ. रुंद पट्टीचा तिप्पटीचा नियम इथे तसाच लागू होणार नाही. भोकाने खाल्लेली रुंदी वजा करून ताण धरलास, तर गुणक सुमारे २.४ येतो. तुझं गेज त्याहूनही कमी दाखवेल, कारण गेजला स्वतःची लांबी असते आणि कडेचा उंच ताण ते आजूबाजूच्या कमी ताणासोबत सरासरीत मिसळतं. हाताने काढलेलं उत्तर, एफईएमचं (फायनाइट एलिमेंट पद्धतीने संगणकावर काढलेलं) उत्तर आणि गेजचं उत्तर शेजारी मांड आणि प्रत्येक फरकाचं कारण लिही. जमलं तर तीच पट्टी ग्लास फायबरची करून बघ, तिथे कारणं आणखी गुंतागुंतीची होतात. अशी दहा पानं घेऊन कुणी माझ्यासमोर आलं, तर मी सीव्हीवरची पॅकेजांची यादी वाचतही नाही.

सहाव्या सेमच्या इलेक्टिव्हमध्ये फायनाइट एलिमेंट आणि कॉम्पोझिट्स (ग्लास फायबरसारखी मिश्र मटेरियल्स) यांपैकी जे मिळेल ते घे, दोन्ही असतील तर फायनाइट एलिमेंट आधी. कॉम्पोझिट्स आणि एरोस्पेस स्ट्रक्चर्स एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांकडून फुकट शिकता येतं, पण व्हिडिओ बघून सोडू नकोस, असाइनमेंट हाताने सोडव. पट्टीचं काम सुरू केलंस आणि गेजचे आकडे विचित्र आले, तर मापं, भार आणि गेज कुठे चिकटवलं त्याचं रेखाटन इथेच टाक. बघून सांगते.